सांगलीचा माल, परदेशी खरेदीदार: मधल्या माणसाच्या कामात उतरायचं असेल तर

सांगली-मिरजेतली बी.कॉम., एमबीए, बी.एस्सी. ॲग्री झालेली मुलं-मुली भेटतात तेव्हा बोलणं बहुतेक वेळा एकाच वाक्यानं सुरू होतं: "एक्स्पोर्टमध्ये उतरायचंय, आयईसी काढलाय." आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. तो डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर ५०० रुपये भरून घरबसल्या मिळतो. तो काढावाच. पण कंटेनर भरून पाठवणारे आपल्याकडे आता पुष्कळ झाले आहेत, कमी आहे ती वेगळ्याच माणसाची. तासगावचा बागायतदार, यार्डातला अडत्या, हॅम्बुर्गचा खरेदीदार आणि ओसाकाच्या कंपनीतला गुणवत्ता तपासनीस, या सगळ्यांचं म्हणणं एकमेकांना जसंच्या तसं कळेल असं बघणारा माणूस. कंपनीत त्याला बिझनेस डेव्हलपमेंट म्हणतात, चेंबरमध्ये ट्रेड ॲडव्हायझर, वकिलातीत ट्रेड ऑफिसर. काम एकच.

मी हे काम सांगलीत बसून करते. शेतमालाची उदाहरणं जास्त येतील, कारण माझा रोजचा संबंध हळद आणि बेदाण्याशी आहे. कास्टिंगवाल्यांनी (धातूचं ओतकाम करणाऱ्यांनी) आणि साताऱ्याकडच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी आपापला माल मनात धरून वाचावं.

२०१० सालचं द्राक्ष

हा माणूस लागतो कशाला, हे कळायला २०१० चा द्राक्ष हंगाम आठवावा. त्या वर्षी भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल तिकडे अडकून पडला. आपले बागायतदार हे रसायन लिहोसिन या नावानं ओळखतात. वेलीची शाकीय वाढ रोखून काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वर्षानुवर्षं वापरात होतं. युरोपातली मर्यादा अगदी कमी होती, आणि आपल्याकडच्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच. बागायतदारानं काही चोरून केलं नव्हतं, प्रयोगशाळेनं काही लपवलं नव्हतं. तिकडची मर्यादा तिकडे छापलेली होती, इकडची फवारणी इकडे प्रत्येक कृषी सेवा केंद्रात ठाऊक होती, आणि दोन्ही एकत्र ठेवून बघणारं कुणी नव्हतं. पुढं ते यादीत आलं. पण त्या हंगामात नाशिकपासून सांगलीपर्यंत ज्यांचे पैसे अडकले त्यांना यादी नंतर आल्याचा काय उपयोग?

दोन देशांमधल्या व्यापारी संस्कृतीबद्दल बोलताना लोक नमस्कार कसा करायचा, काय भेट द्यायची इथंच थांबतात. तेही शिकावं लागतं. पण पैसे बुडतात ते असल्या ठिकाणी, जिथं एका बाजूला अगदी उघड असलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला माहीतच नसते.

पहिली पायरी: एक माल धरा आणि एक हंगाम त्याच्याजवळ बसा

भाषा, कोर्स, लिंक्डइन हे सगळं नंतर. आधी माल.

हळद घेतलीत तर जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली की वसंतदादा मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याकडे बसायची परवानगी मागा. कुणी नाही म्हणत नाही, फक्त सौद्याच्या वेळी मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका. हळकुंड हातात घेऊन मोडायला शिका. नीट वाळलेलं हळकुंड कडक आवाज करून तुटतं, ओलावा राहिलेलं वाकतं. आतला रंग बघा, गड्डा आणि हळकुंड वेगळे ओळखा, राजापुरी आणि सेलम या जाती शेजारी ठेवून बघा. पॉलिश किती वेळ दिलंय ते हमालांनाही कळतं, त्यांना विचारा.

मग त्याच पोत्याकडे परदेशी खरेदीदार कसा बघतो ते शिका. आपला व्यापारी रंग, जाडी आणि चकाकी बघून दर बोलतो. खरेदीदार करक्यूमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किती टक्के, ओलावा किती, शिसं किती, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) आहे का, असं विचारतो. रंग उठून दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीला आल्यापासून शिशाचा प्रश्न पहिल्याच मेलमध्ये येतो. युरोपीय संघात कंद-मुळांच्या मसाल्यांसाठी शिशाची मर्यादा किलोला १.५ मिलिग्रॅम आहे. यार्डात जी चकाकी दर वाढवते, तीच खरेदीदाराच्या मनात शंका उभी करू शकते. हे व्यापाऱ्याला सौद्याआधी सांगणं हे तुमचं काम.

निर्जंतुकीकरणाचंही तसंच. इथिलिन ऑक्साइडची प्रक्रिया केलेला मसाला अमेरिकेत ठरावीक मर्यादेत चालतो, युरोपात ती प्रक्रिया चालत नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये बेल्जियमनं भारतातल्या तिळात ते सापडल्याची सूचना दिली आणि त्यानंतर युरोपातल्या खरेदीदारांनी भारतीय मालाकडे फार बारकाईनं बघायला सुरुवात केली. त्यामुळे "माल चांगला आहे" या वाक्याला आपल्या धंद्यात अर्थ नाही. कुठल्या देशासाठी चांगला, हे आधी ठरवावं लागतं.

बेदाण्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो. देशातल्या गिऱ्हाइकाला हिरवा, लांब, एकसारखा बेदाणा हवा, म्हणून द्राक्षं सुकवायच्या शेडवर गंधकाची धुरी दिली जाते. युरोपात सल्फाइट (धुरीतून मालात राहणारा गंधकाचा अंश) किलोला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाकिटावर ॲलर्जीच्या यादीत ते लिहावंच लागतं, आणि सुकवलेल्या द्राक्षांसाठी कमाल मर्यादा २,००० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे तासगावच्या सौद्यात वरचा दर खाणारा लॉट तिकडच्या सेंद्रिय दुकानवाल्याच्या कामाचा नसतो, आणि आपल्याकडे दोन नंबरचा ठरलेला तपकिरी माल एखाद्या बेकरीला बरोबर बसू शकतो. कुठला माल कुणाला, हे शेडवर उभं राहून सांगता आलं पाहिजे. एवढं आलं की शेतकरी तुम्हाला शेडमध्ये येऊ देतात आणि खरेदीदार तुमचा फोन उचलतो.

दुसरी पायरी: भाषा

विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभर गेले. सोनं-चांदी गाळायचं दुकान टाकून तिथली भाषा बाजारात बसून शिकले. तमिळनाडूत तमिळ, केरळात मल्याळम, बंगालमध्ये बंगाली. आपल्या जिल्ह्यात परक्या मुलखात जाऊन विश्वास कमावण्याची ही शिदोरी आधीपासून आहे, आणि या लोकांशी जाऊन बोलावं असं मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते. परगावी पहिलं वर्ष कसं काढलं, उधारी कुणाला दिली, कुणाला नाही दिली, हे कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही.

परदेशी भाषेसाठी आधी इंग्रजी मेल नीट करा. छोटी वाक्यं, एका मेलमध्ये एकच विषय, प्रश्नांना क्रमांक. त्यानंतर एक भाषा धरा, दोन नकोत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश आहे, जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही परदेशी भाषांचा विभाग आहे. जपानीची जेएलपीटी परीक्षा एन ५ पासून एन १ पर्यंत असते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. जर्मनमध्ये बी १ आणि जपानीत एन ३, म्हणजे मधली पातळी, झालं की नोकरीच्या मुलाखतीत तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते.

भाषा निवडताना माल बघा. कास्टिंग, मशिनिंग, पंप यांना जर्मन किंवा जपानीचा फायदा जास्त. द्राक्षाचा मोठा व्यवहार नेदरलँड्समधून होतो आणि डच माणूस तुमच्याशी इंग्रजीतच बोलेल. आखातात निम्मा बाजार हिंदीवर चालतो. तिथं अरबी येत नसलं तर अडत नाही, पण चार आदराची वाक्यं आली तर समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

एक सूचना मात्र कडक शब्दांत. बी १ पातळीवर कराराच्या बोलणीत दुभाष्याचं काम अंगावर घेऊ नका. पाहुण्याशी गप्पा मारणं वेगळं आणि दंडाचं कलम समजावून सांगणं वेगळं. तिथं व्यावसायिक दुभाषी बोलवा, किंवा दोन्ही बाजूंना इंग्रजी मसुद्यावर आणा.

आकड्यांची भाषाही शिकावी लागते. जर्मन माणूस दशांशाला स्वल्पविराम वापरतो आणि हजाराला टिंब. त्याच्या कागदावर १.२५० असेल तर ते बाराशे पन्नास, आणि १,२५० असेल तर सव्वा. अमेरिकन तारखेत महिना आधी, जपानी तारखेत वर्ष आधी. आपल्याकडे दर क्विंटलचा, तिकडे टनाचा किंवा किलोचा. लाख-कोटी तर मेलमध्ये लिहूच नका. मी प्रत्येक ऑफरमध्ये महिना अक्षरात लिहिते आणि दराशेजारी "प्रति मेट्रिक टन" पूर्ण लिहिते. कितीही घाई असली तरी.

तिसरी पायरी: दोन्हीकडच्या सवयी लिहून काढा

दोन्हीकडच्या, यावर माझा भर आहे. परदेशी माणसाच्या सवयींवर पुस्तकं मिळतात. सांगलीच्या सवयी मात्र त्याला कुणी सांगत नाही, आणि आपल्याला त्या सवयी आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही.

जपानी कंपनीत निर्णय एका माणसाचा नसतो. मूळ प्रस्ताव खालून वर, टेबलावरून टेबलावर जातो, प्रत्येक जण प्रश्न विचारतो, म्हणून सुरुवातीचे महिने नुसते प्रश्नच येत राहतात. आपला मालक वैतागतो: "ऑर्डर देणार नाहीत, नुसती माहिती काढतायत." त्याला सांगायचं, की प्रश्न येतायत तोवर काम चालू आहे, थांबले की काळजी करा. एकदा ठरलं की तीच माणसं वर्षानुवर्षं राहतात. मीटिंगमध्ये मान हलली म्हणजे मान्य झालं असं समजू नका, लेखी येऊ द्या.

जर्मन खरेदीदार दोष तोंडावर सांगतो. त्यात राग नसतो. आपल्याकडे एवढं स्पष्ट बोलणं म्हणजे संबंध तोडणं, त्यामुळे आपला माणूस दुखावतो आणि दोन दिवस उत्तर देत नाही. ते दोन दिवस खरा घोटाळा करतात. डच माणूस त्याहूनही थेट. ऑगस्टमध्ये अर्धा युरोप सुट्टीवर असतो, महत्त्वाची मंजुरी तेव्हा मागू नका.

आखातात ओळख आधी, व्यवहार नंतर. पहिल्या भेटीत दराचा कागद काढलात तर तोच कागद हातात घेऊन परत याल. रमजानमध्ये कामाचे तास बदलतात, पण त्याआधीचे महिने सुक्या मेव्याला मागणीचे, हे बेदाणावाल्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावं. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस आहे, सौदीत अजून शुक्रवार-शनिवार. भारत-अमिराती करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे उत्पत्ती प्रमाणपत्र नीट काढलं तर खरेदीदाराचं शुल्क वाचतं. हे वाचलेले पैसे त्याच्याशी बोलताना आकड्यात मांडा.

आता सांगली. आपल्याकडे व्यवहार शब्दावर चालतो. यार्डात तोंडी ठरलेला सौदा मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी उभं करत नाही. बेदाण्यात दिवाळीच्या आधी काही आठवडे सौदे बंद ठेवून सगळ्यांची देणी-घेणी पूर्ण करतात, शून्य पेमेंट म्हणतात त्याला. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. नेमक्या त्या काळात तो ख्रिसमससाठी तातडीची ऑर्डर पाठवतो, इकडे माल निघत नाही, आणि त्याला वाटतं सांगलीवाले गंभीर नाहीत. त्याला हे सप्टेंबरातच लिहून कळवायचं, आणि असंही लिहायचं, की इथं वर्षातून एकदा सगळी बाजारपेठ एकमेकांची बाकी फेडून मोकळी होते. माझ्या एका खरेदीदाराला हे कळल्यावर त्याचा आमच्या बाजारावरचा भरवसा वाढला. सवय समजावून सांगितली तर तीच जमेची बाजू होते.

उलट दिशेनंही सांगावं लागतं. आपला व्यापारी माणसावर विश्वास ठेवतो, आणि समोरची कंपनी कागदावर, कारण आज तुमच्याशी बोलणारी खरेदी अधिकारी उद्या दुसऱ्या विभागात जाते. मग तात्यांनी फोनवर दिलेल्या शब्दाला किंमत उरत नाही. म्हणून प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल: काय ठरलं, किती, कधी, कुणी करायचं. तात्यांना तो अविश्वास वाटू नये म्हणून आधी त्यांना वाचून दाखवा.

आणि देशावरून माणूस ठरवू नका. वर लिहिलं ते पहिल्या भेटीपुरतं. दुसऱ्या भेटीपासून त्या माणसाची स्वतंत्र वही करा.

चौथी पायरी: कागद

कागदांचं शिक्षण पुस्तकात सुरू करू नका. ओळखीच्या निर्यातदाराकडे किंवा सीएचएकडे (कस्टमचं काम करणारा एजंट) जाऊन पूर्ण झालेल्या एका शिपमेंटची फाइल मागा आणि मागून पुढं वाचा. आधी बँकेत पैसे आल्याची नोंद, मग बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती), शिपिंग बिल (कस्टमकडे दिलेला निर्यातीचा कागद), फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला), लॅबचा रिपोर्ट, पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, शेवटी ऑर्डर. प्रत्येक कागद कुणासाठी होता ते असं वाचताना कळतं.

एचएस कोडचे (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात: हळद ०९१०.३०, ताजी द्राक्षं ०८०६.१०, बेदाणा ०८०६.२०. मसाल्यांच्या निर्यातीला स्पायसेस बोर्डाची नोंदणी लागते, द्राक्ष-बेदाण्याला अपेडाची (शेतमालाच्या निर्यातीसाठीची सरकारी संस्था). युरोपला जाणारी द्राक्षं ग्रेपनेटवर (द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन नोंद) बागेपर्यंत शोधता आली पाहिजेत. इनकोटर्म्स २०२० मध्ये, म्हणजे खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत, ११ अटी आहेत. रोजच्या बोलण्यात सगळं एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची) चालतं, पण माल कंटेनरमधून जात असेल आणि बंदराबाहेरच वाहतूकदाराच्या ताब्यात द्यायचा असेल तर एफसीए (ठरलेल्या जागी वाहतूकदाराला माल दिला की विकणाऱ्याची जोखीम संपते) जास्त बरोबर बसते. पेठ नाक्यापासून न्हावाशेवापर्यंत वाटेत काही झालं तर ते कुणाच्या माथी, हे या तीन अक्षरांवर ठरतं.

एलसीबद्दल (लेटर ऑफ क्रेडिट, कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी) एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक माल बघत नाही, कागद बघते. तपासायला तिला पाच कामकाजाचे दिवस असतात, आणि एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर शिपमेंटपासून २१ दिवसांत कागद सादर करावे लागतात. हळद एक नंबर असू दे, पण कागदांत एकमेकांशी विसंगती असेल तर पैसे थांबतात. नवीन खरेदीदार असेल आणि एलसी देत नसेल तर ईसीजीसीचं संरक्षण घ्या. ही सरकारी कंपनी १९५७ पासून निर्यातदारांना पैसे बुडण्याच्या जोखमीवर विमा देते, आणि आपल्याकडचे छोटे निर्यातदार तिचा वापर फार कमी करतात असं माझं मत आहे.

पाचवी पायरी: पहिली नोकरी

स्वतःचा धंदा लगेच टाकू नका. पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या पैशानं शिकावीत.

सांगलीत राहायचं असेल तर हळद-बेदाण्याचे निर्यातदार, कोल्ड स्टोरेज, द्राक्षाची पॅकहाउस, मिरज-कुपवाडचे कारखाने यांच्याकडे डॉक्युमेंटेशनची जागा मागा. पगार कमी असतो. पण या टेबलावरून सगळा धंदा दिसतो. बाहेर जायचं असेल तर पुण्यात मराठा चेंबर आहे, १९३४ पासूनची संस्था. मुंबईत मुख्य कार्यालय असलेलं इंडो-जर्मन चेंबर १९५६ पासूनचं आहे. जपानची जेट्रो, कोरियाची कोट्रा या सरकारी व्यापारवाढ संस्थांची कार्यालयं आपल्या देशात आहेत, आणि मुंबईतल्या बऱ्याच वकिलातींच्या व्यापार विभागात भारतीय माणसं नेमली जातात. तिथल्या मुलाखतीत तुमच्या बाजूनं सर्वांत मोठी गोष्ट कोणती, तर तुम्हाला जिल्ह्याची बाजारपेठ आतून माहीत असणं. मुंबईत इंग्रजी बोलणारे शंभर मिळतील, कवठेमहांकाळच्या शेडवर फोन लावून उद्या खरेदीदाराला घेऊन येते म्हणणारी एखादीच.

अर्जात "उत्तम संवादकौशल्य" लिहू नका. कुठला माल, कुठला देश, कुठली अडचण, ती कशी सोडवली, एवढं लिहा.

सहावी पायरी: खरेदीदार सांगलीला येतो तेव्हा

हा दिवस तुमचा. इथं सगळं शिकलेलं कामाला लागतं.

आपल्याकडे पाहुणा आला की सत्कार: फेटा, शाल, नारळ, गावातले चार मान्यवर, भाषणं, मग भरपेट जेवण. यात मनापासूनचा जिव्हाळा असतो आणि तो काढून टाकावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण खरेदीदाराच्या हातात तीन तास असतात आणि त्याला धुण्याची जागा, गोदाम, पाण्याची टाकी, रजिस्टर बघायचं असतं. म्हणून फेटा शेवटी. आधी प्लांट, मग कागद, मग सत्कार आणि जेवण. मालकाला हे आठवडाभर आधी घरी जाऊन सांगा, पाहुण्यासमोर नाही. पाहुण्यालाही आधी विचारा: काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे.

एका बेदाणा युनिटमध्ये ऑडिटच्या आधी आम्हाला जे करावं लागलं ते सविस्तर सांगते, कारण या कामाचा गाभा त्यात आहे. निवडणीच्या पट्ट्यावर बायका बसतात. खाद्यपदार्थांच्या मानकात दागिने चालत नाहीत. काचेची बांगडी तर नाहीच, फुटली आणि मालात गेली तर सगळा लॉट फेकावा लागतो. सुपरवायझरनं सरळ फर्मान काढलं: बांगड्या, मंगळसूत्र घरी ठेवून या. दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका आल्याच नाहीत. आलेल्यांपैकी एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, मोकळ्या हातानं बसवताय, आमचं माणूस जितं हाय की घरात." त्यांचं काही चुकत नव्हतं, आणि खरेदीदाराचंही.

मी मानक काढून वाचलं. बीआरसी या अन्नसुरक्षेच्या मानकात साधी लग्नाची अंगठी आणि लग्नाचं साधं कडं यांना सूट आहे. मग बायकांसोबत बसून ठरवलं: काचेच्या बांगड्यांऐवजी एक साधं, खडे नसलेलं धातूचं कडं, त्यावर इलॅस्टिकचा बाहीबंद, मंगळसूत्र गळ्यापर्यंत बटण असलेल्या कोटाच्या आत. कडी मालकानं घेऊन दिली. आत जाताना मोजून नोंद, बाहेर येताना परत नोंद. हे सगळं जोखीम मूल्यमापनाच्या कागदावर कारणासह लिहिलं आणि खरेदीदाराला आधीच पाठवून दिलं. ऑडिटरनं रजिस्टर बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि पुढं गेला. त्याला खरं खटकलं ते पट्ट्यावरच्या ट्यूबलाइटला कव्हर नव्हतं ते. तो दोष अर्ध्या दिवसात दूर झाला.

यातलं पकडायचं ते असं: नियमाच्या मागचं कारण काय ते शोधा (काच आणि सुटे तुकडे मालात जाऊ नयेत), सवयीच्या मागचं कारण शोधा (सौभाग्याची खूण), आणि दोन्ही कारणं जपणारी व्यवस्था कागदावर आणा. नियम लादणारे आणि नियम गुंडाळून ठेवणारे, दोघंही बाजारात भरपूर आहेत.

पाहुण्याला गोष्टीही सांगा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, २००५ च्या महापुरात त्यांतल्या बऱ्याच पेवांचं नुकसान झालं. खरेदीदार हे ऐकून खूश होतात. लगेच पुढचा प्रश्न येतो: आता साठवण कुठं करता, उंदीर-कीड नियंत्रणाचं रजिस्टर दाखवा. ते तयार ठेवा.

सातवी पायरी: वाईट बातमी

माल उशिरा निघणार, लॅबमध्ये एखादा अंश वर आला, पावसानं शेडवरचा बेदाणा काळा पडला. आपली पहिली प्रतिक्रिया असते, "बघू उद्यापर्यंत, होईल काहीतरी." मधल्या माणसाची परीक्षा इथंच होते. कळल्यापासून त्याच दिवशी कळवा. मेलमध्ये चार गोष्टी: काय झालं, किती मालावर परिणाम, आपण काय करतोय, पुढची बातमी कधी देणार. शेवटची सगळ्यात महत्त्वाची, आणि ती वेळ आली की सांगण्यासारखं काही नसलं तरी मेल जायलाच हवा.

२०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला ते जादा दिवस फार जड जातात. त्या हंगामात ज्यांनी बुकिंगच्या वेळीच खरेदीदाराला नवे दिवस कळवून साखर, मण्यांचा कडकपणा आणि प्रीकूलिंगबद्दल (माल पाठवण्याआधी थंड करण्याबद्दल) पुन्हा बोलणं केलं, त्यांचे संबंध टिकले. माल पोचल्यावर ज्यांनी कारणं सांगितली त्यांच्याकडून वजावट कापली गेली. समुद्र दोघांनाही सारखाच होता.

इकडच्या बाजूलाही वाईट बातमी स्पष्ट द्या. खरेदीदारानं नकार दिला असेल तर बागायतदाराला "विचार करतायत" म्हणून झुलवू नका. त्याला माल दुसरीकडे वळवायला वेळ मिळाला पाहिजे.

मोबदला

नोकरीत असाल तर पगार, स्वतंत्र असाल तर महिन्याचं ठरावीक मानधन किंवा कमिशन. कमिशन बरं वाटतं, पण माझा सल्ला सुरुवातीला मानधनाचा आहे, कारण नुसत्या कमिशनवर जगणारा माणूस वाईट बातमी लांबवतो.

दोन्ही बाजूंकडून गुपचूप पैसे घेऊ नका. घ्यायचेच असतील तर दोघांनाही लेखी सांगून. यार्डात अडत किती टक्के ते सगळ्यांना ठाऊक असतं, तसंच इथं असावं. करारात हे चार मुद्दे पहिल्या दिवशी लिहून घ्या: कुठला माल आणि कुठला देश तुमच्याकडे, पैसे कधी मिळणार (ऑर्डर आल्यावर की खरेदीदाराचं पेमेंट जमा झाल्यावर), पुन्हा आलेल्या ऑर्डरवर किती वर्षं हक्क, आणि माल नाकारला गेला तर तुमच्या मोबदल्याचं काय. कमिशन परदेशी बाजूकडून येणार असेल तर बँकेला आणि सीएला आधी विचारून घ्या, सेवा निर्यातीचा जीएसटी आणि परकीय चलनाची नोंद वेगळी असते. मसुदा तयार झाला की सही करण्याआधी सांगलीतल्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या, दोन हजार रुपये गेले तरी चालतील.